एर्गाशच्या हातात काठी

कारागांदा,
८ जानेवारी १९८७

ती. सानोबार आपा यांस,
धाकट्या तुरोबचा सलाम वि. वि.

आम्ही तिघं इथे सुखरूप आहोत. पत्राला उशीर झाला म्हणून तुम्ही मला मनातल्या मनात काय काय बोलला असाल त्याचा अंदाज आहे, म्हणून आधी कान पकडतो. एक खोली मिळाली आहे. शेजारी एक जर्मन म्हातारी राहते, ती ओयदिनला कोबी आंबवायला शिकवते आणि छोट्या नोदिराला लोकरीचे मोजे विणून देते. मला पावाच्या कारखान्यात काम मिळालं. गाड्यांत पाव भरायचे, रिकाम्या पेट्या उतरवायच्या. मी मुख्याध्यापक होतो हे इथे कुणाला सांगितलेलं नाही. ओयदिन म्हणते, चिलतूतला पोरांवर ओरडायचात, इथे पावांवर ओरडा, ते तरी उलट बोलणार नाहीत.

बाबांच्या मयताला मी दारात उभा राहिलो याचं मला आजही वाईट वाटत नाही. बाप गेल्यावर मुलाने चापानाचा अंगरखा घालून, कमरेला रुमाल बांधून, हातात काठी घेऊन दारात उभं राहायचं नाही, येणाऱ्याच्या गळ्यात पडून रडायचं नाही, तर मग ते करायचं कुणी? त्यापायी, धर्माची रूढी पाळली म्हणून, कम्युनिस्ट पक्षातून काढलं, शाळा गेली, अख्ख्या जिल्ह्यात खडू हातात धरायची सोय राहिली नाही. ते सगळं मी गिळलं. पण तालुका समितीच्या त्या सभेत, आता तिथलाच साहेब झालेला एर्गाश खोलमातोव उठला, नकाशा दाखवायची छडी हातात घेतली आणि बापाच्या दारात मी कसा रडलो त्याची नक्कल करून दाखवली. सगळे हसले, आपा. ज्याच्याबरोबर सगळी शाळा एका बाकावर काढली त्याने हे केलं, आणि ते मात्र घशाखाली उतरत नाही.

तरी तुम्ही गावात भांडण काढू नका. विशेषतः त्याच्या आईशी वाकड्यात शिरू नका. बाबांच्या चाळिसाव्याला एर्गाशने आपल्याला सामुदायिक शेतावरच्या कढया मिळू दिल्या नाहीत, तेव्हा इनोयत खाला आपली कढई स्वतः ओढत घेऊन आली होती. झालं गेलं विसरून जाऊ.

इथल्या थंडीत शाईसुद्धा गोठते, तुमची माया तेवढी पातळ राहू द्यावी.
तुमचा,
तुरोब


चिलतूत,
२ मार्च १९८७

चि. तुरोब यास आपाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. सोबतच्या पुडक्यात सुके जर्दाळू आहेत, ते नोदिराला दे, स्वतः खाऊन संपवू नकोस. जर्मन म्हातारीलाही मूठभर दे. कोबी आंबवून खाणाऱ्या बाईला गोड काय ते कळू दे.

विसरून जाऊ म्हणतोस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि माझा तर सुंभही अजून जळलेला नाही. माझ्या भावाच्या रडण्यावर माणसं हसली आणि मी विसरू? तू विसर, तू शिकलेला आहेस.

इकडचं ऐक. एर्गाशने दर शुक्रवारी दुपारी, बरोबर नमाजाच्या वेळेला, क्लबात व्याख्यान ठेवलंय. कोकंदहून एक माणूस येतो आणि देव नाही असं सांगतो. आपले म्हातारे पहिल्या रांगेत बसून घोरतात. कबरस्तानाच्या फाटकावर क्लबाचा एक माणूस बसवलाय, कोण कोण आलं ते पाहायला. लोक पहाटेच्या अंधारात चोरासारखे आपल्या आईबापांना पुरून येतात.

इनोयत खाला अंथरुणाला खिळली आहे. मी रोज शोरबा घेऊन जाते. तिच्याशी मी वाकड्यात शिरेन असं तुला वाटलंच कसं? ती हसून म्हणत होती की एर्गाशने तिच्या मयतासाठीही नमाजाऐवजी सरकारी बँड ठरवून ठेवलाय, तोच, पहिली मे साजरी करणारा, आणि त्या लोकांना दोनच चाली येतात, एक लग्नाची आणि एक फौजेची.

माझं काम तुला माहीत आहे. या गावात बाईमाणूस गेलं की पहिलं बोलावणं मला येतं. लग्नात माझ्या शेजारी बसायला बायका कचरतात, पण मयताला न्हाऊ घालायची वेळ आली की हात जोडत येतात. शेजारच्या गावात एक रहिमा आहे, पण याच कामासाठी एर्गाशच्या माणसांनी तिला दंड ठोठावला होता, ती त्याचं दार मेली तरी चढणार नाही. म्हणजे खाला गेली की एर्गाशला माझ्याच उंबऱ्यावर यावं लागेल. नाक दाबलं की तोंड उघडतं. मी त्याला सांगणार आहे, की कमरेला रुमाल बांध, हातात काठी घे, दिवसाढवळ्या दारात उभा राहा आणि माझ्या भावासारखा रड. मग खालाच्या अंगावर पाणी पडेल. त्यानंतर पक्षात त्याची नक्कल कोण करतं ते बघू.

ओयदिनला सांग, कानाला फडकं बांधल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. नोदिराला गोड पापा. लोभ मागत नाही, हक्काने घेते.
तुझी,
आपा


कारागांदा,
३० मार्च १९८७

ती. आपा यांस,
सलाम वि. वि.

तुमचं पत्र वाचून घाबरलो. मग, सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं. काल कारखान्याच्या सभेत कुणीतरी कुणाच्यातरी चालण्याची नक्कल केली. साधी थट्टा होती, ज्याची केली तोही हसत होता. मी मात्र उठून बाहेर पिठाच्या पोत्यांवर जाऊन बसलो. बसल्या बसल्या ठरवलं की तुम्हाला अडवायचं नाही. काठी धरलेला तो मला बघायला मिळणार नाही, पण तुम्ही बघा आणि मला लिहा.

एकच विनंती आहे. खालांच्या मनात काय आहे ते आधी विचारा. मयत त्यांचं आहे, भांडण आपलं आहे.

जर्दाळू मी खाल्ले नाहीत. दोनच खाल्ले. कृपा जशी आहे तशीच असू द्या.
तुरोब


चिलतूत,
१९ जुलै १९८७

चि. तुरोब यास अ. उ. आ.

इनोयत खाला गेली. सुटली बिचारी. आता सगळं सावकाश लिहिते, ओयदिनला शेजारी बसवून वाच.

तू सांगितलंस म्हणून मी तिला विचारलं होतं. जायच्या आधी तिने सुनेला चहा आणायला बाहेर पाठवलं, माझं मनगट धरलं आणि म्हणाली की एर्गाश बँड आणेल, आणू दे, वाजू दे. पण त्याला माझ्या दारात काठी घेऊन उभं राहू देऊ नकोस, एवढं मला वचन दे. तू मला न्हाऊ घाल, बाकी मी आणि खुदा बघून घेऊ. मी हो म्हटलं. मरणाऱ्या बाईला नाही कसं म्हणणार?

पण तुरोब, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईची माया ती काय असते बघ. मुलाची खुर्ची टिकावी म्हणून ही बाई जनाजाच्या नमाजाशिवाय, ढोल वाजवत कबरीत जायला तयार. आणि तो मुलगा कसला, तर दुसऱ्याच्या बापाच्या मरणावर छडी नाचवणारा. मी घरी येताना ठरवलं की हे वचन मी पाळणार नाही.

ती गेली त्या सकाळी एर्गाश मागच्या बाजूने, गोठ्यातून आला. टोपी हातात. इतकी वर्षं मला सानोबार म्हणणारा त्या दिवशी आपा म्हणत होता. मी अट सांगितली. तो म्हणाला की मला पक्षातून काढतील. मी म्हटलं, कारागांदाला जागा आहे, भट्टीजवळ ऊब असते असं माझा भाऊ लिहितो. तो म्हणाला, आपा, आईचा तरी विचार करा. मी म्हटलं, तुझी आई आहे, तूच कर. जुलैचं ऊन, मयत घरात, फार वेळ थांबता येणार नाही हे त्यालाही कळत होतं. तो कट्ट्यावर खाली बसला, तोंडावरून हात फिरवला आणि काठी कुठे मिळेल असं विचारलं.

तुरोब, तो उभा राहिला. निळा चापान, कमरेला रुमाल, डोक्यावर चौकोनी टोपी, हातात तुतीची काठी. क्लबाचा तो पहारेकरी धावत बघायला आला आणि साहेबाला बघून तिथल्या तिथे त्याच्याच गळ्यात पडला. तालुक्याचा बँड ट्रकमधून उतरला, तुतीखाली गोंधळून उभा राहिला, आणि ढोलवाल्याने ढोल खाली ठेवून रांग धरली. सगळं गाव लोटलं. मी आत खालाला न्हाऊ घालत होते, आपल्या आईला घातलं होतं तसंच, कुठेही हात आखडला नाही. खिडकीतून त्याचा आवाज येत होता, हाय माझी आई, हाय माझी आई. सुरुवातीला तोंडदेखलं होतं. नंतर त्याला खरं रडू आलं. माझं काळीज थंड झालं.

आता घोडामैदान जवळच आहे. जिल्ह्याला कळवायला मला कुठे जायला नको, ताज्या भाकरीचा वास आपणहून जातो.

सर्वांना मायेने जवळ घेते.
आपा


कारागांदा,
६ ऑगस्ट १९८७

ती. आपा यांस,
सलाम वि. वि.

पत्र दोनदा मोठ्याने वाचलं. ओयदिनने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. ढोलवाल्याशी मला हात मिळवायचा आहे.

खालांसाठी आम्ही इथे खोलीतच दुवा मागितली. तुम्ही लिहिलेली त्यांची शेवटची गोष्ट मनात कुठेतरी अडकून राहिली आहे, पण आज आनंदात मिठाचा खडा नको. त्याला काढल्याची बातमी कळली की तारच करा, पैशांकडे पाहू नका.

आपला सुखी भाऊ,
तुरोब


चिलतूत,
१४ नोव्हेंबर १९८८

चि. तुरोब यास अ. उ. आ.

मधल्या सगळ्या पत्रांत मी तुला कापूस, कोंबड्या आणि माझे गुडघे याविषयी लिहीत राहिले आणि एर्गाशचं नाव टाळलं. तूही विचारलं नाहीस, यावरून तुला कळलं असावं. आज लिहिते.

त्याला कुणी काढलं नाही. जिल्ह्याला बोलावलं होतं, पण त्याला बोलावणाराच त्या आठवड्यात कसल्याशा अफरातफरीत तुरुंगात गेला. हा जशी टोपी घालून गेला तशीच घालून परत आला. आणि मग वारं फिरलं. मॉस्कोत कोण काय बोललं मला कळत नाही, पण कबरस्तानावरचा पहारेकरी उठला, शुक्रवारची व्याख्यानं बंद झाली. ज्या कोकंदच्या माणसाने देव नाही म्हणून सांगितलं तो आता आजोबांच्या रूढींवर बोलतो म्हणे.

आणि आपला एर्गाश सभेत उभा राहून काय म्हणाला असेल? की बंदी होती, नोकरी जाणार होती, तरी मी आईच्या दारात काठी घेऊन उभा राहिलो. लोकांनी माना हलवल्या. का हलवणार नाहीत, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता म्हातारे त्याला बघून उठून उभे राहतात. धान्याचं कोठार करून टाकलेली आपली मशीद परत मशीद करायची ठरली आहे, आणि त्या समितीचा प्रमुख तोच. वर सांगतो काय, तर आईची शेवटची इच्छाच ती होती, की मुलाने दारात उभं राहावं. हे ऐकताना माझे कान जळतात.

काठी मी दिली, तुरोब. माझ्या हाताने दिली.

परवा तो टरबुजं घेऊन माझ्याकडे आला होता, या वेळी पुढच्या दाराने. म्हणाला, तुरोबची शाळा मोकळी आहे, त्याला परत आणू, पक्षाचं कार्डही मिळवून देतो. फक्त त्याने आल्यावर चार लोकांत मला मिठी मारावी आणि म्हणावं की काळ तसा होता, दोष कुणाचाच नव्हता. मी टरबुजं ठेवून घेतली. उत्तर तुझं आहे. माझ्या रागावर तुझी चूल पेटत नाही, एवढं मला कळतं.

माया पातळ आहे की घट्ट ते येऊन बघ.
आपा


कारागांदा,
११ फेब्रुवारी १९८९

ती. आपा यांस,
सलाम वि. वि.

मी एर्गाशला होकाराची तार केली. रागावू नका. नोदिराचा खोकला दोन हिवाळे झाले तरी जात नाही. डॉक्टरबाई म्हणतात की इथल्या हवेत कोळसा आहे, मुलीला उबेत न्या. माझा हात दगडाखाली आहे. मिठी मारायला सांगितली तर मारीन, काळाला दोष द्यायला सांगितला तर देईन. कारखान्यात राजीनामा दिला आहे. मार्चअखेर निघू. लोखंडी खाटांना गिऱ्हाईक बघतो आहे.

तुमचं खालांच्या मयताचं पत्र काल पुन्हा वाचलं. आपा, आपण चुकलो. खाला मुलाला वाचवत नव्हती. आम्ही लहान असताना एर्गाशने तिचा तांब्याचा मोठा लोटा विकून टाकला होता आणि पकडल्यावर असा रडला होता की शेजाऱ्यांनीच त्याला खडीसाखर दिली. तेव्हा खाला बाबांना म्हणाली होती की हा पोरगा उद्या अश्रूही विकेल. ती त्याला पुरती ओळखून होती. बँड वाजू दे म्हणाली ते याचसाठी, की ज्याने आईला ढोल वाजवत पुरलं तो हाच, असं गावाने त्याला मरेपर्यंत म्हणावं. तिने त्याला दिलेली शिक्षा आपल्या शिक्षेपेक्षा मोठी होती. ती आपण माफ करून टाकली, आणि वर त्याला टेकायला काठी दिली.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. त्याने काठी धरावी असं मलाही वाटलंच होतं.

भेट आता जवळ आली आहे, तोवर सांभाळून असावे.
तुरोब


चिलतूत,
१५ मार्च १९८९

चि. तुरोब यास आपाचे अ. उ. आ.

हे पत्र मिळाल्याबरोबर खाटा विकायच्या थांबव.

मशीद काल उघडली. ताश्कंदच्या पाहुण्यांना नंतर वेळ नव्हता म्हणून तारीख अलीकडे आणली. पुरुष मशिदीच्या अंगणात पुलावाच्या परातींभोवती बसले होते, आम्ही बायका शेजारच्या अंगणात, मध्ये छातीएवढी मातीची भिंत. एर्गाशने क्लबातला कर्णा लावला होता. तो आईविषयी बोलला. म्हणाला, शेवटच्या दिवशी आईने मला जवळ घेतलं आणि सांगितलं की बाळा, कुणाला भिऊ नकोस, माझ्या दारात काठी घेऊन उभा राहा. बायका रडायला लागल्या. माझ्या शेजारची तर मला धरून रडली, की असा मुलगा पोटी यायला भाग्य लागतं.

मयताला न्हाऊ घालणारीने त्या घरात पाहिलेलं आणि ऐकलेलं पोटात ठेवायचं असतं. आपल्या आईने मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच. जी तोंड उघडते तिला पुन्हा बोलावणं येत नाही. आणि जी मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडते तिची तर सावलीही कुणी मयतावर पडू देत नाही. हे सगळं मला माहीत होतं. तुझी शाळाही आठवत होती. नोदिराचा खोकलाही आठवला, पण तोवर मी तंदूरच्या कट्ट्यावर चढलेली होते.

तिथून भिंतीपलीकडे सगळं दिसत होतं. मी कर्ण्यापेक्षा मोठ्याने बोलले. म्हटलं की इनोयतने माझं मनगट धरून सांगितलं होतं, याला माझ्या दारात उभं राहू देऊ नकोस. याने मला बँड लावून पुरावं आणि गावाने ते बघावं, असं तिला हवं होतं. याला काठी मी धरायला लावली, मयतावर पाणी घालायचं अडवून. मेलीचा शब्द मी मोडला, तो माझा गुन्हा आहे. पण तिच्या तोंडी खोटं घालतोय तो हा. आणि हाच माझ्या भावाच्या रडण्याची छडी घेऊन नक्कल करत होता, तेव्हा तुमच्यातले कितीजण हसलात ते एकदा आठवा.

एर्गाशने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी पाहिला. म्हणाला की म्हातारीला भ्रम झालाय. पण त्याची बायको आमच्या अंगणात होती, आणि सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. ती म्हणाली की सासूबाईंनी मला चहाला बाहेर पाठवलं होतं, पण दार उघडं होतं. एवढंच म्हणाली आणि मान खाली घातली. मग सर्वांत वयस्क मौलवी, आपले दामोल्ला आजोबा, यांनी परातीतला हात काढला, पुसला, जेवण संपल्याच्या दुवेसारखा तोंडावरून फिरवला आणि उठले. त्यांच्यामागे एकेक रांग उठली. पुलाव तसाच थिजून गेला. तालुक्यात त्याची खुर्ची आहे, ती राहील. पण या गावात त्याच्या परातीत आता कुणी हात घालणार नाही.

आज सकाळी त्याचा निरोप आला, शाळेवर दुसरा माणूस नेमलाय. आणि खालच्या गल्लीत एक म्हातारी गेली, तिच्यासाठी रहिमाला गाडी पाठवली. माझ्या दारावरून गेली गाडी. तुझी शाळा मी घालवली, माझं काम मी घालवलं. क्षमा मागत नाही, कारण मला पश्चात्ताप होत नाही, आणि खोटं मला लिहिता येत नाही. पण पोरीला घेऊन तुम्ही उघड्यावर पडू नका. राजीनामा मागे घेता येतो का बघ.

तुला माया करावीशी वाटली तर कर.
आपा


कारागांदा,
२४ मार्च १९८९

ती. सानोबार आपा यांस,
सलाम वि. वि.

खाटा तुमचं पत्र येण्याआधीच गेल्या, आम्ही जमिनीवर झोपतो आहोत. तिकिटं काढली आहेत. ६ एप्रिलला, गुरुवारी, दुपारच्या गाडीने कोकंदला उतरू. उबेला मुख्याध्यापक असावं लागत नाही, नोदिराचा खोकला कापूस वेचणाऱ्याच्या घरीही बरा होईल. तुमच्याकडेच राहू. ओयदिन म्हणते, आपांना आता बोलावणी नाहीत, तर घरात वाद घालायला कुणी तरी हवं.

त्याला मिठी मारावी लागणार होती, तिचं ओझं किती होतं ते तुमचं पत्र वाचून खाली बसलो तेव्हा कळलं.

रागावलो आहे तो एकाच गोष्टीवर. कट्टा, भिंत, परात, सगळं लिहिलंत, आणि त्याचा चेहरा पाहिला म्हणून एका वाक्यात उरकलंत. तीन वर्षं मी त्या चेहऱ्याची वाट पाहिली आहे. स्टेशनवर न्यायला या, आणि तिथून घरापर्यंत मला फक्त तेवढंच सांगा. काही वगळू नका. गाडी सावकाश हाकायला सांगा.

येतोच आहे, तेव्हा लोभ पत्रातून मागत नाही.
तुमचा,
तुरोब